तीन नंबरचं नाक

बसा सायेब. तिकडं न्हाय, ह्या दगडावर. वारं इकडनं तिकडं चाललंय, म्हणून म्हणतो. आत पडद्यावर तो चौकोन लाल झालाय, तो तसाच राहू द्या. मशीन बंद केलंय, मिस्त्री सांगलीतनं निघालाय, येईल एवढ्यात. त्या झाडाखाली बसलेल्या बायकांकडं बघून तुमचा जीव वरखाली होतोय, मला दिसतंय. माझा रागबी आलाय. येऊ द्या. तोवर एक गोष्ट सांगतो. गोष्ट संपली की काय शिव्या द्यायच्या त्या द्या, मान खाली घालून ऐकीन.

लई वर्षं झाली. माझ्या डोक्यावर केस होते, बघा, तवाची गोष्ट.

"बाबालाल, आमचा कॉम्प्युटर मेला," आण्णा फोनवर म्हणाले. "ये आणि माती दे."

आण्णा म्हंजे सुकुमारआण्णा. तासगावच्या पुढं त्यांचं कोल्ड स्टोरेज होतं, बेदाण्याचं. माणूस हौशी. जिल्ह्यात कुणाकडं नसलेली वस्तू पहिली आपल्याकडं पायजे. कोल्ड गार ठेवायला अमोनिया असतोय, तुम्हाला मी काय सांगायचं. पायपातनं पळतोय तोवर गरीब गाय. बाहेर सुटला की माणसाचं डोळं आणि छाती धरतोय. म्हणून आण्णांनी भिंतींवर मुठीएवढ्या डब्या बसवून घेतल्या होत्या. गॅस सुटला की डबीला कळणार, डबीची वायर कॉम्प्युटरला, कॉम्प्युटर हॉर्न वाजवणार. आण्णा त्या डब्यांना नाकं म्हणायचे. पाव्हणा आला की चहाच्या आधी नाकं दाखवायचे. पडद्यावर एकेका नाकाचा एकेक चौकोन. सगळे हिरवेगार, हराळीवाणी.

मी गेलो तर हार्ड डिस्क टकटक टकटक करत होती. आतनं कुणीतरी दार वाजवतंय तसं.

"वाचंल का?" आण्णांनी विचारलं.

"डिस्क गेली आण्णा. दुसरी आणलीया. विंडोज नव्यानं टाकतो, मग ड्रायव्हर टाकतो. जेवायच्या वक्ताला चालू होईल."

"संध्याकाळी मुंबईची गाडी भरायची हाय. चालू कॉम्प्युटर बघितल्याशिवाय तो व्यापारी माल उचलत न्हाय. त्याला नाकं दाखवायच्यात."

कॅबिनेट उघडलं. आत धुळीची गादी, आणि एक वाळकी पाल. मॉनिटरवर दसऱ्याचं हळदकुंकू, झेंडूचा वाळका हार. नवी डिस्क बसवली, सीडी घातली, निळा पडदा आला. मग काय, बसून राहायचं. मी सातवी नापास माणूस, आधी रेडिओ दुरुस्त करायचो. रेडिओत कसं, काय चाललंय ते दिसतंय. कॉम्प्युटरमधी नुसतं टक्के चढताना बघायचं आणि अल्लाचं नाव घ्यायचं.

खिडकीशी हौसाक्का येऊन उभी राह्यली. बेदाणा निवडणाऱ्या बायकांची ती म्होरकी. पन्नाशीची, उंच, आवाज असा की पलीकडच्या शेतातली म्हैस मान वर करंल. खिडकीखालच्या माठातनं तांब्या भरून घेतला आणि म्हणाली, "काय भाई, पेशंट जगतोय का?"

"जगलाय. आता ड्रायव्हर टाकायचा राह्यलाय."

"ड्रायव्हर कशाला? कुठं पळतंय व्हय ते?"

"आक्का, ह्ये कार्ड म्हंजे बैल समजा. विंडोज म्हंजे मालक. ड्रायव्हर म्हंजे मधला कासरा. कासरा नसला की मालक वरडतोय आणि बैल हुबा."

"मिळंना तर सांगा. आमचा जावाई टेंपो चालवतोय, त्याला धाडते." आणि हसायला लागली. हसता हसता खोकला आला. पदर तोंडाला लावून वाकली.

"दवाखान्यात जावा की."

"धुरीचा हाय. ह्यो काय नवा न्हाय."

धुरी म्हंजे गंधकाची. बेदाण्याला रंग चढावा म्हणून देत्यात. धुरीची खोली आणि निवडायची शेड लगटूनच होती, मधी नुसता गोणपाटाचा पडदा. त्यामुळं त्या बायकांचं डोळं बारमाही लाल. नाक तर मेलेलंच. अत्तर हुंगायला दिलं तरी गंधकच म्हणायच्या. आणि शेडची दुसरी भिंत कोल्ड गार करायच्या मशीनच्या खोलीची. त्या भिंतीवर, क्रेटच्या थप्पीमागं, तीन नंबरचं नाक.

विंडोज बसली. आवाजाचा ड्रायव्हर टाकला, पडद्याचा टाकला. राह्यलं ते नाकांचं कार्ड. लांबुडकं, हिरवं. पाठीमागं जिथं वायर खोचायची तिथं निळ्या प्लॅस्टिकचं टोपण होतं. वायर टेबलामागं पडलेली, गुंडाळी करून बारक्या तारेनं बांधलेली. मला वाटलं, मी येणार म्हणून कुणीतरी सगळं सोडून ठेवलंय. टोपण काढलं, खिशात टाकलं. तार उलगडली, वायर खोचली, स्क्रू आवळले. आण्णांनी कपाटातनं सीडी काढून दिली. मघापासनं कार्डाच्या नावापुढं एक पिवळी खूण होती, म्हंजे मालकाला बैल वळखत न्हाय. सीडीतला ड्रायव्हर आणि नाकांचा प्रोग्राम टाकला आणि खूण गेली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आण्णांनी स्वतः उदबत्ती लावली.

प्रोग्राम उघडला. एक नंबर हिरवा. दोन नंबर हिरवा. तीन नंबर जरा वेळ करड्या रंगाचा राह्यला, विचार केल्यावाणी. आणि लाल झाला.

हॉर्न वाजला.

सायेब, तो आवाज मी विसरणार न्हाय. बाहेरच्या भिंतीवरचा तो भोंगा आधी घोगरा वरडला, मग त्याच्या तोंडातनं काड्या, पिसं, दोरे असं भसाभसा खाली पडलं. चिमण्यांनी घर केलं होतं आत. एक चिमणी बाहेर पडून गरागरा फिरायला लागली.

शेडमधनं बायका धावत आल्या. कुणाच्या हातात सूप, कुणाच्या पदरात बेदाणा. ताट उपडं केल्यागत आवारात पसरल्या.

आण्णांनी खिडकीत जाऊन बघितलं आणि हसले. "झालं! बाबालाल, चिमणीचं घर मोडलंस की रे." मग आधी त्यांनी हॉर्नची वायर हिसडून काढली. गप झालं. गप झाल्यावर जास्तच वंगाळ वाटायला लागलं.

"बघू रे, काय केलंस? इतकी वर्षं हिरवं होतं."

"ड्रायव्हर तर बरोबर बसलाय आण्णा. खूण गेली."

"मग लाल कसं?"

"बघतो."

हौसाक्का खिडकीशी आली. हसत न्हवती. "आण्णा, काय झालं? का वाजलं?"

"काय न्हाय ग. भाईचा ड्रायव्हर चुकला. जावा आत."

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "भाई, काय हाय?"

"मला अजून ठावं न्हाय, आक्का."

"त्याला काय ठावं?" आण्णा म्हणाले. "तो आज आलाय. ही नाकं मी बसवल्यात."

तरी ती हलंना. "आज धुरी पण येड्यागत करतीया, आण्णा. धूर क्रेटमागच्या भिंतीकडं गेला की पांढराफेक होतोय. ताकावाणी. खाली खाली बसतोय. असा कधी बघितला न्हवता मी."

"गंधक ओला असंल. जावा, गाडी यायची हाय." आणि खिडकीतनं बाकीच्यांना वरडले, "बसू नका तिथं! चला ग, चला आत!"

बायकांनी हौसाक्काकडं बघितलं. हौसाक्कानं आण्णांकडं. मग तिनं पदर खोचला आणि पुढं झाली. तिच्या मागनं सगळ्या. गोणपाटाचा पडदा हलला आणि आवार मोकळं. खाली नुसती ती पिसं.

मी ड्रायव्हर काढला. परत टाकला. लाल. कार्ड काढून दुसऱ्या खाचेत बसवलं, परत चालू केलं. लाल. चौकोनात आकडा असतोय, किती गॅस हाय त्याचा. मघाशी चाळीस होता, आता पंचावन्न. कॉम्प्युटरची माझी अक्कल ती किती, पण एवढं बघितलेलं होतं, की ड्रायव्हर बिघडला की आकडा नाचतोय. येकदम शून्य, येकदम हजार. ह्यो नाचत न्हवता. म्हातारं माणूस जिना चढतंय तसा एक एक पायरी चढत होता.

आण्णांनी मशीनवरच्या शिवलिंगमामाला हाक मारली. कंप्रेसर चालवणारा जुना माणूस, तेलानं माखलेला. तो शेडच्या दारापर्यंत जाऊन आला, हुंगून.

"गंधकच येतोय आण्णा. दुसरं काय कळत न्हाय. पण माझ्या नाकाचं खरं धरू नका. मला आता बायको काय शिजवतीया तेबी कळत न्हाय."

"मशीनचं प्रेशर?"

"जरा खालीवर हाय. सकाळपासनं."

"जरा म्हंजे?"

"जरा म्हंजे जरा. बघतोय मी." आणि तो परत गेला.

आण्णा माझ्या खुर्चीमागं उभे. "बाबालाल, ऐक. व्यापारी आला आणि त्यानं लाल बघितलं तर माझं नाव गेलं. मला पहिल्यासारखं करून दे. पहिल्यासारखं म्हंजे हिरवं. कसं करतोस ते तू बघ."

"बघतो आण्णा. जरा तंबाखू मळतो, डोकं चालंना."

खिशात हात घातला. तंबाखूच्या पुडीसंगं ते निळं टोपण हातात आलं.

मी ते असंच बोटांत फिरवत होतो. नवंकोरं. कडेला कंपनीचा शिक्का अजून ठसठशीत. वायर एकदा खोचली की असलं टोपण कोण जपून ठेवत न्हाय सायेब, पहिल्याच दिवशी केरात जातंय. आणि वायर काढल्यावर कोण ते हुडकून परत लावत बसतंय? मला ती गुंडाळी आठवली. बारक्या तारेचे ते पीळ, सगळे सारखे. ते हातानं घातलेले न्हवते. कारखान्यात मशीन घालतंय तसले होते.

"आण्णा," मी म्हणलं, "ह्या कार्डाची वायर काल कुणी काढली होती?"

"कुठली वायर?"

"नाकांची. ही."

"कुणी काढंल? ज्यानं बसवलं तो इंजिनेर गेल्यापासनं त्या टेबलामागं मी कुणाचा हात लागू दिला न्हाय. झाडूसुद्धा न्हाय."

मी ते टोपण त्यांच्यापुढं धरलं.

"आण्णा, ती कधी जोडलेलीच न्हवती."

"काय बोलतोस? हिरवं दिसत होतं की!"

"कार्डाला वायर नसली की ह्यो प्रोग्राम नमुना दाखवतोय. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला असतोय तसला. चित्र हो आण्णा. त्यो इंजिनेर चित्र दाखवून गेला. तुमच्या नाकांनी आज पहिल्यांदा वास घेतलाय."

आण्णा पडद्याकडं बघत राह्यले. आकडा ऐंशीवर गेला होता. त्यांच्या तोंडावर तो लाल उजेड पडला होता.

मी पळालो ते मशीनच्या खोलीकडं. "मामा! नाक खरं हाय! तीन नंबर!"

शिवलिंगमामा पाना घेऊन वाकला होता. "खरं म्हंजे?"

"खरं म्हंजे खरं! हौसाक्काबी म्हणत होती, धूर त्या भिंतीपाशी पांढरा होतोय म्हणून."

तो सरळ झाला. "पांढरा? कधी म्हणाली?"

"मघाशी."

"आरं, गंधकाच्या धुराला अमोनिया लागला की तो पांढरा होतोय! आम्ही गंधकाची वात पेटवूनच गळती हुडकतो. मला कुणी सांगितलं का न्हाय? बायका कुठं हाईत?"

"आत."

"कुणी घातल्या आत?"

मी काय बोलायच्या आधी आवाज झाला. मोठा न्हवता सायेब. एखादं नवं धोतर एका हिसक्यात टर्रकन फाडावं, तेवढाच. मग भिंतीपलीकडं सूं सूं असं सुरू झालं आणि थांबंना.

शिवलिंगमामानं पोतं पाण्यात बुडवलं, डोक्यावर घेतलं आणि पायपांच्या मागं घुसला. मी शेडकडं पळालो. गोणपाटाच्या खालनं पांढरं येत होतं. जमिनीसरसं, सावकाश, दूध ऊतू गेल्यावाणी. त्यातनं बायका बाहेर पडत होत्या, एकमेकींना धरून, ओकत, रडत, आंधळ्यागत भिंतीला चाचपडत. एक माझ्या अंगावरच पडली. "सुनी," ती म्हणत होती, "सुनी आत राह्यली, क्रेटमागं."

तवर हौसाक्का दारात आली होती, पोरींना बाहेर ढकलत. तिनं ते ऐकलं. मागं वळली.

"आक्का!" मी वरडलो. "मामा गॅसचा व्हॉल्व बंद करतोय! थांबा!"

ती थांबली न्हाय.

मी त्या पडद्यापर्यंत गेलो. पुढं जाता येईना. हवा न्हवतीच तिथं, चाकू होते. डोळं मिटून मी नुसत्या हाका मारत राह्यलो. मग ते सूं सूं बारीक झालं, थांबलं. आणि हौसाक्का बाहेर आली. काखेत ती पोरगी, सुनी. पोरीच्या तोंडाभोवती पदर गच्च गुंडाळलेला. हौसाक्काचं तोंड उघडं.

बेदाणा धुवायचा हौद होता. तिला तिथं बसवलं. आण्णा पळत आले, अनवाणी. त्यांनी स्वतः तांब्या घेतला आणि तिच्या डोळ्यांवर पाणी मारायला लागले. तांब्यावर तांब्या. निम्मं पाणी अंगावर सांडत होतं.

"डोळं उघड हौसा. उघड. पाणी आत जाऊ दे. डोळं उघड."

पाणी तिच्या हनुवटीवरनं गळत होतं.

"उघडेच हाईत की, आण्णा," ती म्हणाली.

तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. शिवलिंगमामालाबी नेलं. तो वाचला, आवाज तेवढा गेला, कुजबुजल्यागत बोलायचा पुढं. सुनीला काय झालं न्हाय, तिला आता नातू हाय. मी संध्याकाळी माझी पिशवी घ्यायला ऑफिसात गेलो. उदबत्तीची राख तशीच. पडद्यावर एक न्हाय, सगळे चौकोन लाल झालेले. बाहेर मुंबईची गाडी येऊन थांबली होती आणि तिचा ड्रायव्हर हॉर्न मारत होता. आण्णा पायरीवर बसलेले. दोन्ही हातांनी कान झाकून.

पुढं आण्णांनी कोल्ड विकलं. हौसाक्काचं घर त्यांनी आपण जाईस्तोवर चालवलं, खोटं कशाला सांगू. मी तिला भेटायला गेलो होतो एकदा. डोळ्यांवर पट्ट्या. माझा आवाज ऐकून म्हणाली, "भाई, त्या दिवशी तुमी ठावं न्हाय म्हणलासा. आण्णा ठावं हाय म्हणले. मी ठावं असणाऱ्याचं ऐकलं." एवढंच. मग चहा विचारला.

तर सायेब, आज सकाळी तुमच्या कॉम्प्युटरवर मी विंडोज टाकली, ड्रायव्हर टाकला, आणि दोन नंबर लाल झाला. तुमचं म्हणणं, कालपर्यंत हिरवं होतं, पहिल्यासारखं कर. माझा ड्रायव्हर चुकला असंल का? असंल. मला ठावं न्हाय. मिस्त्री येऊन बघंल, खोटं निघालं तर माझ्या तोंडाला काळं फासा आणि गावातनं फिरवा.

तुमचा मुकादम म्हणत होता, हॉर्न वाजल्यावर एक म्हातारी पहिली उठली आणि तिनंच बाकीच्या बायकांना उठवलं, तिला उद्यापासनं कामाला घेऊ नका. ती बघा, झाडाच्या बुंध्याशी. काळा चष्मा लावलेली. बेदाण्याच्या काड्या काढती, बोटांनी. डोळं लागत न्हाईत त्याला. रिकामं बसायचं न्हाय म्हणती, तुमच्याकडं येऊन दोन हंगाम झाले. तुम्ही नाव विचारलं नसंल. हौसाबाई.

मी तुमच्याकडं एकच मागतो. मिस्त्री सांगंपर्यंत त्या बायकांना आत जा म्हणू नका. आणि म्हणायचंच असंल, तर हितनं वरडू नका सायेब. उठा, त्या झाडाखाली जावा, तिच्यासमोर खाली बसा, आणि आत काय न्हाय म्हणून तिला तुमच्या तोंडानं सांगा.